पिक्सीज : विकले गेले कमी, मग मान एवढा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "पिक्सीज या अमेरिकन रॉक बँडला सगळे निर्वाणा बँडचे गुरू म्हणतात. मी दोन अल्बम ऐकले. गाणी दोन-दोन मिनिटांची, आवाज कोरडा, त्या काळात अमेरिकेत विक्रीही बेताची. मग एवढा मान कशाचा? सुरुवातीची गोष्ट कोणी नीट सांगेल का, आणि ऐकायला कुठून घ्यावं?"

मला वाटतं तुम्हाला खटकतंय ते वेगळंच आहे. लोक सांगतात ते तुमच्या कानांना सापडत नाही, आणि मग वाटायला लागतं की एकतर लोक उगाच डोक्यावर घेतायत किंवा आपल्या कानात काहीतरी कमी आहे. दोन्ही खरं नाही. पिक्सीजची खरी करामत वाजवण्यापेक्षा न वाजवण्यात आहे, आणि न वाजवलेलं पटकन कानात भरत नाही. मी पुण्यात सव्वीस वर्षं रेकॉर्डिंग करतोय. भावगीतं, जाहिराती, नाटकांचं पार्श्वसंगीत, गणपतीच्या आधी ढोल-ताशा, आणि वर्षातून पाच-सहा वेळा कॉलेजातल्या पोरांचे बँड. मलाही हे कळायला बरीच वर्षं लागली आणि कळलं ते फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर, हात ठेवूनच. त्यामुळे इतिहास सांगतो, पण माझ्या टेबलावरून दिसतो तसा.

एक आधीच कबूल करतो. पिक्सीज आवडतील की नाही हे तुम्ही आधी काय ऐकलंय यावर बरंच अवलंबून आहे. १९८८ साली ज्याने हे पहिल्यांदा ऐकलं, त्याच्या कानात तेव्हाचं रेडिओवरचं रॉक होतं. प्रतिध्वनीत भिजवलेले ड्रम, चकाकणारे सिंथ, प्रत्येक कोपरा भरून काढलेला. त्याला हे म्हणजे कोणीतरी खोलीतलं सगळं फर्निचर बाहेर काढल्यासारखं वाटलं असणार. तुम्ही त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं, म्हणजे त्यांच्या नकला आणि नकलांच्या नकला ऐकून मग मूळ ऐकताय. मूळ साधं वाटणारच. दुसरं, तुम्ही कशावर ऐकताय यावरही अवलंबून आहे, पण त्याचं शेवटी बोलू.

आता गोष्ट. चार्ल्स थॉम्पसन आणि जोई सँटियागो ही दोन मुलं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ॲमहर्स्टला भेटली. सँटियागोचा जन्म मनिलाचा, लहानपणी कुटुंबासोबत अमेरिकेत आलेला. थॉम्पसन मधेच विद्यार्थी म्हणून पोर्तो रिकोला सहा महिने राहून आला. गाण्यांत मधूनच मोडकंतोडकं स्पॅनिश येतं ते तिथलं. परत यायच्या वेळी त्याच्यासमोर दोन बेत होते: न्यूझीलंडला जाऊन हॅलेचा धूमकेतू बघायचा, नाहीतर बॉस्टनला जाऊन बँड काढायचा. ते १९८६ साल होतं. धूमकेतू काय, शहात्तर वर्षांनी परत येतोच. थॉम्पसनने कॉलेज सोडलं, सँटियागोलाही सोडायला लावलं, आणि दोघं बॉस्टनला आले. थॉम्पसनने स्वतःचं नाव ठेवलं ब्लॅक फ्रान्सिस. बँडचं नाव सँटियागोने शब्दकोश चाळून काढलं.

बेसवादक, म्हणजे खालच्या स्वरांची जाड तारांची गिटार वाजवणारा, हवा म्हणून त्यांनी स्थानिक साप्ताहिकात जाहिरात दिली. तिच्यात लिहिलं होतं, हुस्कर डू आणि पीटर, पॉल अँड मेरी हे दोन्ही आवडणारा माणूस हवा. हे समजून घ्या. हुस्कर डू म्हणजे मिनियापोलिसचे कान फाडणारे तीन जण, आणि पीटर, पॉल अँड मेरी म्हणजे साठच्या दशकातले गोड लोकगीतं म्हणणारे तिघं. आपल्याकडे 'नाशिक ढोल आणि गजाननराव वाटवे दोन्ही आवडणारा हवा' अशी जाहिरात दिली तर कोण येईल? एकच बाई आली. किम डील, मूळची ओहायोतल्या डेटनची. ती बेस न घेता आली, कारण तिने बेस कधी वाजवलाच नव्हता. ती गिटार वाजवायची, जुळ्या बहिणीसोबत गायची. बेस बहिणीचा मागून आणला. ड्रमर मिळाला तोही ओळखीतून. डेव्हिड लव्हरिंग हा किमच्या नवऱ्याबरोबर रेडिओ शॅकच्या दुकानात कामाला होता, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. पहिल्या दोन रेकॉर्डांवर किमने स्वतःचं नाव 'मिसेस जॉन मर्फी' असं छापून घेतलं, म्हणजे नवऱ्याच्या नावाने. ही थट्टा होती, सोज्वळपणा नव्हे.

आता या चौघांकडे काय नव्हतं ते बघा, कारण सगळं तिथूनच निघतं. बेस वाजवणारीला बेस येत नव्हता, म्हणून ती पिक घेऊन मूळ स्वर एकसारखा वाजवत राहिली. मधे कुठे फिरणं नाही, नक्षी नाही. लीड गिटारवाल्याला धावत्या ताना मारायच्या नव्हत्या. तो दोन सूर घेऊन ते वाकवत, खुपसत बसायचा. गायकाच्या गाण्यांना ठराविक आठ-सोळाचे हिशोब नसायचे, ओळ संपली की कडवं संपलं. आणि हे सगळं धरून ठेवणारा लव्हरिंग मात्र पक्का, घड्याळासारखा. मी बँड रेकॉर्ड करतो तेव्हा नेहमी हेच बघतो. चौघं हुशार असले की चौघं मिळून सगळी जागा भरून टाकतात. एकाला कमी येत असलं की गाण्याला श्वास घ्यायला जागा राहते. अर्थात कमी येणाऱ्याला आपल्याला कमी येतं हे माहीत असायला हवं. डीलला ते माहीत होतं, आणि पुढे बेस चांगला यायला लागल्यावरही तिने जास्त वाजवलं नाही. हे फार अवघड आहे. माझ्याकडे येणारा प्रत्येक बेसवादक तिसऱ्या महिन्यात स्लॅप (तारा अंगठ्याने ठोकत वाजवणं) शिकतो आणि चौथ्या महिन्यापासून मला त्याला थांबवावं लागतं.

बॉस्टनच्या छोट्या क्लबांत वाजवत असताना गॅरी स्मिथ नावाच्या निर्मात्याने त्यांना ऐकलं. तो फोर्ट अपाची स्टुडिओ चालवायचा. मार्च १९८७ मध्ये तिथे तीन दिवसांत त्यांनी डेमो केला. खर्च हजार डॉलर, तोही थॉम्पसनच्या वडिलांनी दिलेला. जांभळ्या वेष्टनामुळे त्या कॅसेटला 'पर्पल टेप' म्हणतात. ती लंडनच्या फोर-एडी या रेकॉर्ड कंपनीच्या आयव्हो वॉट्स-रसेलकडे पोचली. त्याला हे जरा जास्तच सरळ रॉक वाटलं आणि तो सोडूनच देणार होता. त्याच्या मैत्रिणीने गळ घातली म्हणून करार झाला. त्या टेपमधली आठ गाणी तशीच उचलून त्याच वर्षी 'कम ऑन पिल्ग्रिम' निघालं. म्हणजे बॉस्टनचा बँड, पण घर मिळालं इंग्लंडमध्ये. तुमच्या 'विक्री बेताची' या मुद्द्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. इंग्लंड-युरोपात त्यांचं बरं चालायचं. १९८९चा 'डूलिटल' ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत अठ्ठ्याण्णवाव्या. १९९०चा 'बोसानोव्हा' तर ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला.

त्यांच्या 'सर्फर रोझा' या अल्बमवर जरा रेंगाळतो, कारण माझ्या धंद्यातल्या लोकांना विचाराल तर त्यांचा जीव या रेकॉर्डमध्ये अडकलेला असतो. डिसेंबर १९८७, बॉस्टनमधला क्यू डिव्हिजन स्टुडिओ, साधारण दहा दिवसांचं काम. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी. तो शिकागोचा, स्वतः वाजवणारा, तोंडाने फाटका, आणि तत्त्वाचा पक्का. त्याने दीड हजार डॉलर एकरकमी घेतले आणि रॉयल्टी घेतली नाही. त्याचं म्हणणं, प्लंबर नळ बसवून गेल्यावर पाण्याच्या प्रत्येक बादलीवर पैसे मागत नाही. (प्लंबरशी तुलना त्याने पुढेही अनेकदा केली. बादली माझी.) स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायलाही त्याला आवडत नसे. आपण फक्त रेकॉर्ड करतो, एवढंच.

त्याने ड्रम कसे घेतले ते ऐका. तेव्हाची पद्धत अशी की प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माईक, खोलीचा आवाज शक्य तेवढा मारायचा आणि मग मशीनमधून खोटी मोठी खोली लावायची. अल्बिनी जवळच्या माईकांबरोबर लांबचे माईक लावायचा आणि खरी खोली आत घ्यायचा. म्हणून त्या रेकॉर्डवर स्नेअरचा (कडकडीत आवाजाच्या छोट्या ड्रमचा) ठोका पडला की तुम्हाला भिंत ऐकू येते. तुम्ही ज्याला 'कोरडा आवाज' म्हणालात तो खरं तर कोरडा नाही. तो खऱ्या खोलीचा आहे आणि आपल्या कानांना खोट्या खोल्यांची सवय झालीय.

'व्हेअर इज माय माइंड?' मधला किमचा तो 'ऊ' आठवतोय? अल्बिनीने सगळं सामान उचलून न्हाणीघरात नेलं आणि तिथे तिला गायला लावलं. 'जायगँटिक'लाही तेच. हे वाचून १९९९ साली मीही मोठ्या उत्साहाने एका गायिकेला आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभं केलं होतं. दुसऱ्या मजल्यावर ती, तळमजल्यावर माईक. आवाज काय सुंदर आला म्हणून सांगू! फक्त तिसऱ्या ओळीवर शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आहे, बरोबर समेवर. दुसरा टेक तितका चांगला आला नाही, म्हणून शिट्टीसकट पहिलाच ठेवला. अल्बिनीनेही गाण्यांच्या मधल्या स्टुडिओतल्या गप्पा रेकॉर्डवर तशाच ठेवल्यात. पण त्याने त्या ठरवून ठेवल्या, माझा नाइलाज होता.

आता मुद्द्यावर येतो. पिक्सीजचं नाव काढलं की लोक म्हणतात, 'हळू कडवं, मोठं धृपद, हे त्यांनी आणलं.' हे अर्धवट आहे. हळू-मोठा हा खेळ जुना आहे. आपल्याकडे कीर्तनात बुवा पूर्वरंगात अगदी कानात सांगितल्यासारखं बोलतात आणि एकदम टाळ-मृदंगासकट गजर उठतो. लोकांच्या अंगावर काटा येतो तो गजराने नाही, त्याआधीच्या कुजबुजीने. पिक्सीजचं वैशिष्ट्य आवाज कमी-जास्त करण्यात नाही. हळू भागात वाजणारी माणसं कमी करण्यात आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि फरक टेबलावर लगेच कळतो.

'टेम' घ्या, 'डूलिटल'वरचं. एक मिनिट पंचावन्न सेकंद. बेसवर तीन स्वर, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच आणि त्याच क्रमाने. कडव्यात फक्त बेस, ड्रम आणि कुजबुज. धृपदात गिटार फुटते, फ्रान्सिस गळा फाडून ओरडतो. आता तुम्ही बेसवर लक्ष ठेवून परत ऐका. बेस तिथेच आहे. स्वर तेच, चाल तीच. ड्रमही साधारण तेच. म्हणजे गाणं बदललं नाही, गर्दी वाढली. रचनेच्या दृष्टीने हे गाणं म्हणजे एक तीन स्वरांचं चक्र आहे, त्यात कोण कधी आत येतो एवढंच. 'जायगँटिक' पण तसंच. बेस एकटा सुरू होतो, त्यावर किमचा जवळजवळ बोलल्यासारखा आवाज, आणि गिटारा येईपर्यंत तुम्ही त्यांची वाट बघायला लागलेले असता.

माझ्याकडे पोरं येतात आणि म्हणतात, 'सर, कडवं सॉफ्ट पाहिजे, मग कोरसला एकदम फुटलं पाहिजे.' मग वाजवतात काय? कडव्यातही दोन गिटारा, फक्त हळू. कीबोर्डचा पॅड (मागे सतत धरलेला सूर), तोही हळू. ड्रमवर झांजा सुरूच, त्याही हळू. मग कोरसला सगळे पेडलवर पाय देतात. मीटरचा काटा वर जातो, पण कानाला काहीच होत नाही, कारण सगळे आधीपासूनच खोलीत होते. गेल्या वर्षीच्या एका बँडसोबत मी तीन तास यावर वाद घातला. शेवटी मी न विचारता कडव्यातली दुसरी गिटार, पॅड आणि झांजा म्यूट केल्या. कोरस एक डेसिबलही न वाढवता परत लावला. कीबोर्डवाला सोडून सगळे खूष झाले. ढोल-ताशावाल्यांना मात्र हे शिकवावं लागत नाही. ताशा एकटा तडतडत असताना पन्नास ढोल गप्प उभे असतात. ते गप्प उभे असतात म्हणून पहिला ठोका छातीत लागतो.

आणि पिक्सीजचा मान का, याचं माझ्या परीने उत्तर हेच. त्यांनी जे केलं ते दुसऱ्या वाजवणाऱ्याला हाताने उचलून नेता येतं. काही बँड असे असतात की त्यांचं सगळं एका माणसाच्या बोटांत असतं. ऐकून थक्क व्हायचं, पण घरी न्यायला काही मिळत नाही. इथे तीन स्वर, एक गप्प गिटार आणि एक ओरडणारा माणूस, एवढं कोणीही नेऊ शकतो. विकत घेणारे थोडे होते, पण त्यांत वाजवणारे बरेच होते.

त्यातला एक निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन. 'निर्वाणाने चोरलं का?' हा प्रश्न तुम्ही सरळ विचारला नाहीत, पण 'गुरू' शब्दामागे तो आहे. कोबेनने जानेवारी १९९४ मध्ये छापून आलेल्या 'रोलिंग स्टोन'च्या मुलाखतीत स्वतःच सांगितलंय की 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' करताना आपण पिक्सीजचीच नक्कल करू बघत होतो, हळू मग मोठा हा खेळ त्यांचाच. त्याच्या डायरीतल्या आवडत्या पन्नास रेकॉर्डांच्या यादीत 'सर्फर रोझा' दुसरं आहे. पुढे 'इन युटेरो' या अल्बमसाठी निर्वाणाने अल्बिनीलाच बोलावलं, आणि त्याच सुमारास इंग्लिश गायिका पी. जे. हार्वीनेही. एवढं पुरावा म्हणून पुरे. पण चोरी म्हणाल तर माझं मत नाही असं. कोबेनकडे चाल होती, गल्लीतल्या पोराला तोंडपाठ होईल अशी चाल. फ्रान्सिसकडेही चाली होत्या, पण त्याला त्या मधेच मोडायला आवडायच्या. एका गाण्यात तो दिग्दर्शक बुन्युएलच्या जुन्या मूकपटातल्या डोळा कापण्याच्या प्रसंगावर उड्या मारत ओरडतो. रेडिओला हे कसं झेपणार? कोबेनने पद्धत घेतली, वेडेपणा सोडला, स्वतःचं दुखणं घातलं. आमच्या क्षेत्रात याला घराणं म्हणतात, चोरी नाही.

'डूलिटल'ची एक गोष्ट राहिली. 'सर्फर रोझा'च्या चौपट खर्च होता, चाळीस हजार डॉलर. निर्माता गिल नॉर्टन, इंग्लिश, नेटका माणूस. त्याला वाटलं गाणी फार छोटी आहेत, एखादं कडवं वाढवावं. थॉम्पसन त्याला एका रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेला, पन्नासच्या दशकातल्या बडी हॉली या रॉक गायकाच्या गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड काढली आणि मागच्या बाजूला छापलेले वेळ दाखवले. बहुतेक गाणी दोन मिनिटांच्या आसपास. वाद तिथेच मिटला. तुम्हाला गाणी दोन-दोन मिनिटांची वाटली ना, तर हे लक्षात घ्या की तो आळस नव्हता, भांडून मिळवलेली लांबी होती. तरी नॉर्टनचं श्रेय कमी करू नका. त्याने प्रत्येक वाद्याला आपापली जागा दिली, कडा पुसल्या, आणि तरी गर्दी होऊ दिली नाही. अल्बिनीच्या भक्तांना 'डूलिटल' गुळगुळीत वाटतो. मला दोन्ही लागतात. कामाला बसताना 'डूलिटल', काम बिघडलं की 'सर्फर रोझा'. तसं अल्बिनी स्वतःही त्या काळात पिक्सीजबद्दल छापील मजकुरात तुच्छतेने बोलला होता आणि पुढे त्याने त्याबद्दल माफी मागितली. तो मे २०२४ मध्ये गेला. त्या दिवशी आमच्या धंद्यातल्या माणसांचे एकमेकांना फोन चालू होते, ज्यांची त्याच्याशी कधी गाठही पडली नव्हती अशांचे.

फुटण्याची कथा लवकर उरकतो, कारण तिच्यात संगीत कमी आणि रुसवेफुगवे जास्त आहेत. फ्रान्सिसला सगळी गाणी आपली हवी होती, किमलाही गाणी सुचत होती. १९८९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला त्याने चालू कार्यक्रमात तिच्यावर गिटार फेकली. तिने वेगळा बँड काढला, ब्रीडर्स. १९९२ला पिक्सीज यू-टू या बड्या बँडच्या दौऱ्यात आधी वाजवणारे म्हणून गेले, अर्ध्या रिकाम्या बंदिस्त क्रीडागृहांत. जानेवारी १९९३मध्ये फ्रान्सिसने बीबीसीच्या मुलाखतीत बँड संपल्याचं जाहीर केलं, बाकीच्यांना सांगायच्या आधी. मग सँटियागोला फोन, बाकी दोघांना फॅक्स. फॅक्सने बँड मोडणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी ब्रीडर्सचा 'लास्ट स्प्लॅश' आला, 'कॅननबॉल' सगळीकडे वाजलं, आणि तो अल्बम अमेरिकेत दहा लाखांवर गेला. फार येत नाही म्हणून मूळ स्वर धरून बसलेली बाई विक्रीत पुढे निघून गेली.

आपल्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने आलं. ९१नंतर केबलवर एमटीव्ही आलं तेव्हा निर्वाणा घरोघरी पोचलं, पिक्सीज नाही. माझ्यापर्यंत १९९४ला पोचले ते न्यू जर्सीहून आलेल्या आतेभावाच्या बॅगेतून. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला 'सर्फर रोझा', दुसऱ्या बाजूला 'डूलिटल'. दोन्ही चाळीस मिनिटांच्या आत असल्याने दोन्हीकडे शेवटी टेप रिकामी राहायची, आणि त्या रिकाम्या टेपचा सूं आवाज मला अजून त्या गाण्यांचाच भाग वाटतो. आम्ही कॉलेजात 'टेम' बसवायला घेतलं. तीन स्वर, काय अवघड आहे! पहिल्याच तालमीत मी कडव्यात गिटार वाजवली, कारण नुसतं उभं राहायची लाज वाटत होती. हात मोकळे ठेवून स्टेजवर उभं राहायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. आमचं 'टेम' वाईट वाजलं आणि का वाईट वाजलं हे मला सात-आठ वर्षं कळलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १९९९ला 'फाइट क्लब'च्या शेवटी इमारती कोसळताना 'व्हेअर इज माय माइंड?' वाजलं आणि बँड नसतानाच नवी पिढी मिळाली. २००२ला डेव्हिड बोईने त्यांचं 'कॅक्टस' गायलं. एप्रिल २००४मध्ये मिनियापोलिसच्या एका छोट्या क्लबात चौघं परत एकत्र आले, आणि त्या वर्षी लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या चार रात्रींची तिकिटं काही मिनिटांत संपली. फुटायच्या आधी जेवढे लोक येत नव्हते तेवढे परत आल्यावर आले. किम २०१३ला बाहेर पडली. त्यानंतरचे अल्बम आहेत, कामात सफाई आहे, पण मी ते परत-परत लावत नाही. हे माझं झालं, तुमचं वेगळं असू शकतं.

आता कुठून सुरू करायचं. तुम्ही दोन अल्बम सलग ऐकलेत, तीच चूक झाली असं वाटतं. चाल लागत असेल तर 'डूलिटल'पासून, त्यातही 'हिअर कम्स युअर मॅन'. हे फ्रान्सिसने पोरवयात लिहिलेलं गाणं, पर्पल टेपवरही होतं आणि तेव्हा जास्तच गोड म्हणून बाजूला ठेवलेलं. मग 'मंकी गॉन टू हेवन', मग 'टेम', आणि 'टेम' तीनदा: एकदा नुसता बेस धरून, एकदा गिटार कधी गप्प होते ते मोजत, एकदा काहीच न करता. तुम्ही स्वतः काही वाजवत असाल तर सरळ 'सर्फर रोझा' घ्या, 'बोन मशीन'चे सुरुवातीचे ड्रम आणि 'जायगँटिक' एवढं पहिल्या दिवशी पुरे. 'कम ऑन पिल्ग्रिम' तिसऱ्या आठवड्यात. 'बोसानोव्हा' पावसाळी रविवारी. 'त्रोंप ल माँद' शेवटी.

आणि वर म्हटलं होतं ते साधनाचं. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत असाल तर थांबा. फुटू नये म्हणून त्या डब्यात लिमिटर असतो, तो मोठा भाग दाबतो, आणि बेस तर त्याच्या इवल्या पडद्यातून निघतच नाही. म्हणजे कडव्यातला एकमेव माणूस गायब आणि धृपदातला धक्का सपाट. मग उरतं काय? साधे वायरवाले इअरफोन असतील तरी चालतील. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बेस बूस्ट, इक्वलायझर आणि 'सगळी गाणी सारख्या आवाजात' वगैरे जे काही चालू असेल ते बंद करा. आवाज धृपदाला बेताचा वाटेल एवढा ठेवा आणि कडव्यात तो कमी वाटला तरी वाढवू नका.